कट्टा हळू ठेवजा

इंझोरीच्या पुंजाजीच्या घरी माणसानं कसंही बसावं. धपकन बसावं, लोळावं, पाय पसरून घोरावं, कुणी काही म्हणत नाही. पण ओसरीच्या आतल्या खोलीत लाकडी फळ्यांवर जे सोयाबीनच्या बियाण्याचे कट्टे, म्हणजे पोती, ठेवलेले असतात, त्यांना नुसतं टेकायचं असलं तरी पुंजाजीला विचारावं लागतं. न विचारता टेकलेल्या एका पाहुण्याला त्यानं चहा अर्धा असतानाच उठवलं होतं.

तसा माणूस धसमुसळा. पेला ठेवील तर आपटून, दार लावील तर चौकट हलवून. शिंकला तर गोठ्यातली गाय उठून उभी राहते. सख्ख्या भावाला प्रेमानं पाठीवर थाप मारली तेव्हा भाऊ आठवडाभर शेकत बसला होता. असा हा पुंजाजी बियाण्याचा कट्टा उचलताना मात्र श्वास रोखून धरतो, दोन्ही हात खालून घालतो, आणि खाली ठेवताना आधी एक कोपरा टेकवून, मग दुसरा टेकवून, कट्ट्याला झोप लागलेली असावी तसा अलगद बाजूला सरतो.

हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. आधी तोही इतरांसारखाच बैलगाडीवरून कट्टे धडाधड खाली फेकायचा. मग एका साली घरचं बियाणं पेरलं आणि वावरात उगवलं काय, तर गवत. दुबार पेरावं लागलं. त्यानंतर गावात शेतकऱ्यांची बैठक झाली. कृषी सहायक बाई आल्या होत्या. त्यांनी सोयाबीनचा एक दाणा चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "तुरीच्या दाण्याचं कातडं जाड असतं काका, ज्वारीचंही टणक. सोयाबीनची साल मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आणि त्या सालीला लागूनच कोंब निजलेला असतो. तुम्ही कट्टा आपटता, तेव्हा साल तडकते अन् आतला कोंब मोडतो. वरून दाणा पिवळाधमक दिसतो, आतून मेलेला."

बाकीचे लोक चिवडा खाऊन घरी गेले. पुंजाजीनं चिवडा तसाच ठेवला. घरी येऊन भिंतीला टेकून बसला.

"काय झालं?" प्रयागबाईनं विचारलं. प्रयागबाई म्हणजे त्याची बायको.

"म्या लय मारले वं," पुंजाजी म्हणाला.

प्रयागबाई हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून उठली. "कोनाले मारलं? कुठी? कोनी पाह्यलं तं नाही ना?"

"कोंब."

प्रयागबाईनं कपाळावर हात मारला आणि जळकी पोळी त्यालाच वाढली.

त्या दिवसापासून बियाण्यासाठी ठेवलेलं सोयाबीन हडंब्यात जायचं बंद झालं. गावात सगळ्यांचं पीक हडंबा मशीन घरघर करत काढतं, तासाभरात दाणे एकीकडे, कुटार एकीकडे. पुंजाजी मात्र ताडपत्रीवर शेंगा पसरून बारीक काठीनं हळूहळू बडवत बसतो. बडवतो म्हणणंही जास्तच, शेंगांना गुदगुल्या करतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी तो कट्ट्यांवर गोधड्या घालतो, सुतळी बॉम्बचा धक्का बसू नये म्हणून. एकदा पुतण्याच्या मोटारसायकलवरून येताना गाडी घसरली. पुंजाजी नालीत, पुतण्या काटेरी झुडपात, आणि कट्टा पुंजाजीच्या पोटावर. लोक धावत आले तर हा नाकातून रक्त गळत असताना ओरडतो आहे, "पह्यले कट्टा घ्या! हळू घ्या! खाली टेकू नका देऊ!"

"पोरगी झाली तवा सव्वा महिना हात लावला नाही यानं, पडंल म्हने," प्रयागबाई आल्यागेल्याला सांगते. "अन् आता पाहा, कट्टा मांडीवर घेऊन बसते. म्या म्हनलं, आता एक झबलं बी शिवतो तुह्या सोयाबीनले."

ही पोरगी म्हणजे वैजयंती. तिला मेडशीत दिली. सासरा माणिकराव, सासू कमलीबाई, नवरा हरीओम. घर खाऊनपिऊन सुखी, सडकेला लागून एकराचं वावर, एसटीतून जाणारा प्रत्येक माणूस ते वावर पाहणारच. माणिकरावाचा आवाज मोठा, आणि दोन वर्षांपूर्वी कवळी बसवल्यापासून त्या आवाजाला कडकड अशी साथही मिळालेली. बियाणं घ्यावं तर रंगीत छापील थैलीतलंच, असं त्याचं ठाम मत. घरच्या बियाण्याला तो एकाच शब्दात निकालात काढतो: कुटार.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात पंगत बसली होती. माणिकरावानं बुंदी चावता चावता आपल्या व्याह्याला, पुंजाजीला, ऐकवलं, "काय इवाई, अवंदा बी काठीनंच बडवलं काय? हडंबा तुमाले भेव दाखवते काय?" पंगत हसली. पुंजाजी मठ्ठा पिऊन गप्प राहणार होता. पण वाढायला उभी असलेली वैजयंती मागून बोलून गेली, "मामाजी, माह्या बाबाचं बियाणं शंभरातलं नव्वद उगवते."

पंगतीतले हात थांबले. सून भर मांडवात सासऱ्याला बोलली होती. माणिकरावाची कवळी एकदा कडकडली.

"नव्वद?" तो म्हणाला. "बरं. पेरनीच्या आंधी तुह्या बापाले सांग, कट्टा घेऊन ये म्हना मेडशीले. शंभर दाने मोजून लावू. नव्वद उगवले तं सडकेच्या वावरात पेरतो, साऱ्या गावाले दाखवतो. अन् एक बी कमी भरला, तं या घरात इंझोरीच्या बियान्याचं नाव कोनी काढायचं नाही. तू बी नाही."

पुंजाजी त्या रात्री अंथरुणात दाणेच मोजत राहिला. माणिकराव त्याला हसला तर हसू दे, त्याला सवय होती. पण एक दाणा कमी भरला तर लेकीला त्या घरात जन्मभर प्रत्येक जेवणासोबत ते ऐकावं लागणार होतं, हे त्याला माहीत होतं. लोणच्यासारखं, रोज थोडं थोडं.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी पुंजाजी कट्टा घेऊन एसटीत चढला.

"काका, थे डिक्कीत टाका," कंडक्टर म्हणाला.

'टाका' हा शब्द ऐकूनच पुंजाजीच्या अंगावर काटा आला. "टाकत नसते बावा. मांडीवर घेतो."

"तीस किलो हाय थे!"

"जावयाच्या वावरात जाऊन राह्यलं. डिक्कीत पाठवू काय?"

कंडक्टरनं तिकीट फाडलं. पुंजाजी खिडकीशी कट्टा मांडीवर घेऊन बसला. ब्रेकर दिसला की सीटवरून अर्धा उठायचा आणि कट्टा दोन्ही हातांनी अधांतरी धरायचा. गाडी ब्रेकरवरून गेली की हुश्श करून बसायचा. चार ब्रेकर झाले तेव्हा त्याला दम लागला. शेजारची म्हातारी बराच वेळ पाहत होती. शेवटी तिनं पदर सावरून विचारलं, "काय हाय बाप्पा यात? देव हाय काय?"

"बियानं."

"मंग हे काहून उठून राह्यलं घडीघडी?"

पुंजाजीनं तिला साल, कोंब, पापुद्रा सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं मनापासून ऐकलं आणि पुढच्या ब्रेकरला ड्रायव्हरवर ओरडली, "अरे हळू चालव ना रे मुडद्या! मांडीवर कोंब हायेत मानसाच्या!" मग अर्धी गाडीच प्रत्येक ब्रेकरला ओरडू लागली. ड्रायव्हर घाबरून इतका हळू गेला की मंगरुळपीरला पुढची गाडी निघून गेली. पुंजाजीला त्याचं काहीच वाटलं नाही. गाडी काय, दुसरी मिळते.

मेडशीत पोचला तेव्हा त्याच्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. माणिकराव अंगणात खुर्ची टाकून बसला होता. हरीओम कट्टा घ्यायला धावला तसा पुंजाजी म्हणाला, "जवाईबापू, दोन्ही हात खालून घाला. हळू ठेवजा." हरीओमनं सासऱ्याकडे, मग बापाकडे पाहिलं आणि कट्टा हळू ठेवला. माणिकराव कवळीतल्या कवळीत हसला.

उगवण तपासायची रीत सोपी आहे. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, चारेक दिवस सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं. मग उघडून कोंब मोजायचे. पण माणिकरावाच्या घरात गोणपाट नव्हतं. सगळे कट्टे प्लास्टिकचे. कमलीबाई माहेरी भाच्याच्या बारशाला गेलेली, तिला कुठं काय ठेवलंय ते माहीत असतं. शेवटी वैजयंतीनं माणिकरावाच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून आणला. माणिकरावानं स्वतः शंभर दाणे मोजले, पुंजाजीनं परत मोजले. पुरचुंडी बांधली. थंडाव्याला म्हणून स्वयंपाकघरात माठाच्या वर खुंटीला लटकवली.

लेकीच्या घरी बापानं मुक्काम ठोकणं पुंजाजीला जड जात होतं. पण कट्टा सोडून जाणं त्याहून जड. तो रोज सकाळी हळूच स्वयंपाकघरात जायचा, पुरचुंडीवर पाणी शिंपडायचा, कान लावायचा.

"बाबा, ऐकू येते काय काही?" वैजयंती हसायची.

"तू हास. तुह्या तोंडानंच नव्वद निंगाले."

ती लगेच गंभीर व्हायची आणि तीही कान लावायची.

तिसऱ्या रात्री कमलीबाई माहेरून आली. उशीर झाला होता, आल्या आल्या झोपली. ही बाई स्वभावानं उदार आणि हातानं चपळ. सकाळी सगळ्यांच्या आधी उठली. घरात व्याही आलेले, आणि आपण इतके दिवस घरी नाही, या विचारानं तिचा जीव खालीवर. माठाच्या वर पाहते तर दोन पुरचुंड्या. एक नेहमीची, मटकीची, तिनंच फोन करून सुनेला भिजवायला सांगितलेली. दुसरीत सोयाबीन. दोन्हींना मस्त मोड. सोयाबीन पाहून तिला जरा नवल वाटलं, पण हल्ली मोबाईलवर बाया काय काय पौष्टिक सांगतात, सुनेनं तसंच काही केलं असणार, असं तिनं समजून घेतलं. मूठभर तर होतं. मटकीत मिसळलं, खमंग फोडणी दिली.

पुंजाजी आंघोळ करून आला. आज उघडायचा दिवस. त्यानं कट्टाही आतून आणून मांडीवर घेतला, नव्वद भरले की लगेच माणिकरावाच्या हाती द्यायचा म्हणून. ओसरीवर माणिकराव आणि हरीओम नाश्त्याला बसलेच होते. पुंजाजीपुढंही ताट आलं. गरमागरम उसळ, वर कांदा. त्यानं घास उचलला. घासात एक दाणा पिवळा. त्यानं ताटात पाहिलं. ताटात आणखी पिवळे. शेपट्यांसकट.

पुंजाजीच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं.

"कोनी गिळू नका!"

हरीओमचा घास तोंडात होता. तो डोळे विस्फारून थांबला.

"जवाईबापू, पाया पडतो तुमच्या, गिळू नका! तोंड उघडं ठेवा!"

वैजयंती आतून पळत आली. तिनं खुंटी पाहिली, ताटं पाहिली, आणि सासूकडे पाहिलं. कमलीबाई हातात पळी घेऊन उभी. "काय झालं व माय? मीठ जास्त पडलं काय?"

"आत्याबाई, थे बाबाचं बियानं होतं. तपासायचं."

"अवं मंग खुंटीवर कायले टांगलं? खुंटीवर टांगलेलं म्या आजलोक कधी पेरलं नाही, शिजवलंच हाय!"

यात तिचं काही चूक होतं असं कुणालाच म्हणता आलं नाही.

माणिकराव मात्र खुर्चीत मागं रेलला. "संपलं तं मंग. मोजायले कायी राह्यलं नाही."

"संपलं कसं?" पुंजाजी उठला. कट्टा कडेवर. "दाने कुठी गेले? इथीच तं हायेत. परात आन वैजू."

परात आली. ताटं परातीत उलटली, कढई उलटली, पळी झटकली. हरीओमनं मान वळवून तोंडातलं वेगळ्या वाटीत काढलं. सासरा, सून, सासू, जावई आणि व्याही असे पाच जण परातीभोवती उकिडवे बसले आणि मटकीतून सोयाबीन वेचू लागले. मोडवाले एकीकडे, बिनमोडाचे एकीकडे. हळदीनं सगळेच पिवळे झालेले, त्यामुळे दोनदा मटकी मोजली गेली आणि भांडण झालं. शिजून सुटलेल्या साली रश्श्यावर तरंगत होत्या, पारदर्शक, पातळ. पुंजाजीनं एक बोटावर घेऊन उजेडात धरली. "पाहा. एवढीशी अस्ते. अन् लोक आपटतेत."

"मोजा, मोजा," माणिकराव ओठ न उघडता म्हणाला.

मोडवाले भरले एकोणनव्वद. बिनमोडाचे नऊ. दोन दाणे गायब.

"एक म्या गिळला," हरीओमनं कबूल केलं. "पन मोड होता त्याले. लांबच होता. घशाले लागला माह्या."

"बायकोच्या बाजूवाल्याची साक्ष धरत नसतेत," माणिकराव तसाच, ओठ मिटून.

वैजयंतीचे डोळे भरले. एका दाण्यावरून. पुंजाजीनं लेकीकडे पाहिलं आणि त्याला पंगत आठवली, लोणचं आठवलं. उरलेला तो एक दाणा कुठं असेल म्हणून त्यानं कट्टा कडेवरच ठेवून चटई उचलली, हरीओमचा शर्ट झटकला, कमलीबाईच्या पदराच्या घड्या पाहायला निघाला तेव्हा तिनं पळी उगारली.

"अवो," कमलीबाई एकदम नवऱ्याला म्हणाली, "तुमी मघापासून तोंड मिटून काहून बोलून राह्यले?"

माणिकरावानं नजर दुसरीकडं वळवली. गाल एका बाजूनं किंचित फुगलेला.

"तोंड उघडा."

माणिकराव नाही म्हणून मान हलवू लागला.

"उघडता का आनू सांडशी?"

चाळीस वर्षांच्या संसारात सांडशीचं नाव निघालं की माणिकराव ऐकतो. त्यानं पाठ फिरवली, वरची कवळी काढली आणि तळहातावर धरून पुढं केली. कवळीच्या टाळूला एक सोयाबीन चिकटलेलं होतं. साल प्लास्टिकला पोस्टाच्या तिकिटासारखी बसलेली, आणि तिच्यातून बाहेर, सरळ, ऐटीत, मोड.

चारही माना त्या तळहातावर वाकल्या.

पुंजाजी त्या दाण्याकडे पाहत राहिला आणि मग माणिकरावाकडे. दाणा कवळीखाली आहे हे या माणसाला केव्हाच कळलं होतं. एक आवंढा गिळला असता तर खेळ संपला असता. पण यानं गिळला नव्हता. सांगितलंही नव्हतं. तसाच धरून बसला होता बिचारा, धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

"नव्वद," माणिकराव बोळक्या तोंडानं म्हणाला. "फेरतो. शडकेच्या वावरात. शांगितलं ना, फेरतो!"

पुंजाजीला इतका आनंद झाला की त्याचं धसमुसळेपण सगळं एकदम वर आलं. "इवाई!" म्हणून तो गरजला, दोन्ही हात पसरले आणि माणिकरावाला कडकडून मिठी मारली.

कट्टा कडेवर होता. दोन्ही हात पसरल्यावर तो कडेवर राहत नाही.

धप्प.

ओसरीची फरशी हादरली. पुंजाजीचे हात माणिकरावाच्या पाठीवरच गोठले. इतक्या वर्षांत नालीत पडला तेव्हासुद्धा कट्टा टेकू दिला नव्हता त्यानं.

"कायी झालं नाही, बाबा," वैजयंती घाईघाईनं म्हणाली. "एवढुशानं काय होते?"

"फेरतो म्हंलं ना मी," माणिकराव म्हणाला.

"नाही," पुंजाजी खाली बसला. कट्ट्यावर हात फिरवू लागला. "म्या आपटला. आता तपासल्याबिगर यातला एक दाना वावरात जात नाही. परत शंभर लावा."

"बाबा!" वैजयंती कळवळली. "जितलेलं कायले हारून राह्यले?"

पण पुंजाजी ऐकेना. माणिकरावानं कवळी धुऊन बसवली, एकदा कडकडवून पाहिली, मग पुढं झाला. दोन्ही हात कट्ट्याखाली घातले, श्वास रोखला, आणि कट्टा उचलून आत नेऊ लागला. हरीओमनं वाटेतली खुर्ची फरकन ओढली तसा माणिकराव पोरावर ओरडला, "हळू ना रे! आवाज करू नको!"

दुसरी पुरचुंडी देवघरात टांगली. तिथलं कमलीबाई शिजवत नाही. पुंजाजीचा मुक्काम वाढला, प्रयागबाईनं फोनवर विचारलं, "बाळंतपन झालं काय?" आणि ठेवून दिला.

उघडायच्या दिवशी माणिकराव म्हणाला, मी मोजतो, कोनी मधात बोलायचं नाही. धोतराचा तुकडा मांडीवर पसरून तो एकेक मोडवाला दाणा उचलून परातीत ठेवू लागला. ऐंशीपर्यंत आवाज खणखणीत होता. मग हळू झाला. मग ओठच हलत राहिले. पुंजाजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. वैजयंती खांबाला टेकून उभी होती. माणिकरावानं एकदा सुनेकडे पाहिलं.

"नव्वद!" तो एवढ्यानं ओरडला की सडकेवरचे लोक वळून पाहू लागले.

"थांबा इवाई," पुंजाजी पुढं सरकला. "एक डाव मी बी मोजतो. परात इकडं—"

माणिकरावानं परातीत हात घातला, मावतील तेवढे दाणे मुठीत घेतले आणि तोंडात कोंबले. कच्चे, बेचव, सालीसकट. दुसरी मूठ भरली. तीही कोंबली. कवळी कडकड वाजू लागली, डोळ्यांतून पाणी आलं, पण थांबला नाही. परात रिकामी झाली, धोतरावर उरलेले बिनमोडाचेही गेले, तेव्हा त्यानं तांब्याभर पाणी वर ओतलं, मोठा ढेकर दिला आणि मिशा पुसल्या.

"मोज आता," तो म्हणाला, आणि हरीओमला हाक मारली. "ट्रॅक्टरवाल्याले सांग रे, सडकेच्या वावरात इंझोरीचं बियानं हाय. कट्टा हळू ठेवजो म्हना."